बर्फघर, शिकारखोली, दूधघर: एका स्कॉटिश इस्टेटवरच्या साठवणीच्या इमारतींची दुरुस्ती

पार्श्वभूमी

ही इस्टेट ईशान्य स्कॉटलंडमध्ये, डोंगर संपून शेती सुरू होते त्या पट्ट्यात आहे. मालकी एका कुटुंबाच्या ट्रस्टकडे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. इमारतींची दुखणी, त्यांवर झालेली चर्चा आणि घेतलेले निर्णय यांच्यावरच इथे भर आहे. सल्लागार म्हणून आमचा छोटा चमू पहिल्या पाहणीपासून सोबत होता.

मोठा वाडा सगळ्यांना दिसतो, त्याची छायाचित्रं निघतात. त्याच्या मागच्या अंगाला, उत्तरेकडे, स्वयंपाकघराच्या चौकापासून तळ्याच्या वाटेवर चार लहान इमारती उभ्या आहेत. त्यांच्याकडे पाहुणे क्वचितच फिरकतात. बर्फघर, शिकारखोली, दूधघर आणि कबुतरखाना. पाचवं होतं धान्याचं कोठार, पण काही दशकांपूर्वी त्याचं राहतं घर झालं. मधला मजला तोडला, वारा खेळायच्या फटी बुजवल्या, आणि आता बाहेरच्या भिंती सोडल्या तर ते कोठार होतं हे सांगावं लागतं. पुढच्या चर्चेत हे कोठार वारंवार आलं.

या चारही इमारती वीज येण्याआधीच्या. अन्न टिकवायचं तर गारवा, वारा, सावली आणि निचरा एवढंच हाताशी होतं, आणि बांधणाऱ्यांनी त्याचा चोख हिशेब केला होता.

कबुतरखाना सर्वांत जुना. इथल्या पिलांचं ताजं मांस वाड्याच्या स्वयंपाकघरात जायचं. भिंतीच्या आतल्या बाजूला दगडी कप्प्यांच्या ओळी, आणि बाहेरून भिंतीभर पुढे आलेला दगडाचा पट्टा, म्हणजे उंदरांना वर चढता येऊ नये. कबुतरं शेजाऱ्यांच्या शेतातलं धान्य खायची, त्यामुळे कबुतरखाना कोणी बांधावा यावर स्कॉटलंडच्या संसदेने १६१७ साली मर्यादा घातली: आसपास दोन मैलांत ठरावीक धान्य-उत्पन्नाची जमीन असेल त्यालाच परवानगी. असा कबुतरखाना दारात असणं म्हणजे मोठं खातं-पितं घर.

बर्फघर टेकडीच्या पोटात आहे. विटांनी बांधलेला अंड्याच्या आकाराचा खड्डा, निमुळता भाग खाली. वर घुमट, घुमटावर मातीचा जाड थर. आत जायला उत्तरेकडे तोंड असलेला बोळ, त्यात एकामागे एक दोन दारं. पूर्वी या दारांमधल्या जागेत पेंढा दाबून भरत. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फ फोडायचा, गाड्यांनी आणायचा, कुटून खड्ड्यात घट्ट बसवायचा. तळाशी एक मोरी असते आणि सगळी किमया तिच्यात आहे. वितळलेलं पाणी निघून गेलं नाही तर उरलेला बर्फही झपाट्याने वितळतो. म्हणून मोरी उघडी हवी, पण तिच्यातून बाहेरची उबदार हवा आत येता कामा नये. त्यासाठी पाण्याचा सापळा, म्हणजे मोरीत थोडं पाणी कायम अडवून हवेची वाट बंद करणारी रचना.

स्कॉटलंडमध्ये बर्फ ही चैनीपुरती गोष्ट राहिली नाही. १७८०च्या दशकात जॉर्ज डेम्प्स्टर या जमीनदार खासदाराने सॅमन मासा बर्फात घालून लंडनला पाठवायची पद्धत रुजवली आणि नद्यांच्या मुखाशी मोठमोठी बर्फघरं उभी राहिली. स्पे नदीच्या मुखावर टगनेट इथलं १८३०चं बर्फघर आजही पाहता येतं. आपल्याकडेही हा मामला पोचला होता. १८३०च्या दशकात अमेरिकेतून जहाजाने मुंबईला बर्फ येऊ लागला, आणि तो साठवायचं घुमटाकार बर्फघर फोर्टात सेंट अँड्र्यूज या स्कॉटिश लोकांच्याच चर्चला लागून होतं. ते कधीच पाडलं गेलं.

शिकारखोली व्हिक्टोरियन काळातली, अष्टकोनी. खाली दगडी जोतं, वर लाकडी चौकटी, चौकटींत तिरप्या पट्ट्या आणि जस्ताची जाळी. छपराच्या टोकाला हवा जायला छोटं लाकडी धुराडं. आत लोखंडी दांडे, त्यांवर आकडे. हरीण, ग्राउस हा रानपक्षी, ससे इथे टांगून ठेवत. मांस मुरायला आणि मऊ व्हायला काही दिवस लागतात, त्या काळात वारा हवा, ऊन आणि माशी नको. फरशीला मध्यभागी उतार आणि पन्हळ, म्हणजे धुतल्यावर रक्त-पाणी वाहून जाईल.

दूधघरात पांढऱ्या फरश्या, भिंतीला लागून स्लेटचे रुंद कट्टे. त्यांवर पसरट भांड्यांत दूध ठेवायचं, साय वर येऊ द्यायची. छपराच्या वळचणी चांगल्या हातभर पुढे आलेल्या, म्हणजे भिंतीवर दिवसभर सावली.

अडचण

ट्रस्टने बोलावलं तेव्हा तीन इमारतींना कुलूप होतं. बर्फघराच्या खड्ड्यात काळं पाणी साचलेलं, घुमटाला आतून चीर. टेकडीवर रोडोडेंड्रॉन या झुडपाचं रान माजलं होतं आणि त्याची मुळं विटांच्या सांध्यांतून खाली लोंबत होती. शिकारखोलीच्या तिरप्या पट्ट्या निम्म्या गळालेल्या. दूधघराच्या भिंती वीसेक वर्षांपूर्वी सिमेंटने दरजा भरून, वर रंग देऊन ‘पक्क्या’ केल्या होत्या, आणि तेव्हापासून आतली ओल वाढतच गेली होती. कबुतरखान्याच्या छपरावरच्या स्लेटा, म्हणजे दगडी पाट्या, घसरत होत्या.

विमा कंपनीने बर्फघराबद्दल विचारणा केली होती. पण खरा रेटा पैशांचा होता. शेती आणि शिकारीच्या उत्पन्नावर इतक्या इमारती सांभाळणं ट्रस्टला जड जात होतं. त्यात ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य आणि जुन्याची दुरुस्ती केली तर २० टक्के. जी इमारत उभी आहे तिला जपणाऱ्यालाच दंड झाल्यासारखं हे आहे, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं. तर ट्रस्टचा प्रश्न सरळ होता: या चारही इमारतींच्या मुक्कामाच्या खोल्या करता येतील का?

कायद्याची बाजू अशी. वाडा संरक्षित यादीत होता. स्कॉटलंडमध्ये यादीतल्या इमारतींचे ए, बी आणि सी असे तीन दर्जे असतात. बर्फघर आणि शिकारखोली यांची यादीत स्वतंत्र नोंद नव्हती, म्हणून ‘त्यांना हात लावायला परवानगी लागत नाही’ असा इस्टेटच्या कचेरीचा समज होता. तो बरोबर नव्हता. यादीतल्या इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८च्या आधीपासून असलेलं बांधकाम त्या इमारतीचाच भाग धरलं जातं. स्वरूप बदलणारं कोणतंही काम करायचं तर स्थानिक परिषदेची संमती हवीच.

पर्याय

पहिला पर्याय: टेकू द्यायचे, कुंपण घालायचं, पुढचं पुढे पाहू. खर्च कमी, पण घुमटातून पाणी झिरपत राहिलं तर टेकू देऊन वेळच विकत घेतला जातो, आणि तोही थोडा.

दुसरा: चारही इमारतींचं रूपांतर. शिकारखोलीला काचा लावून दोघांच्या मुक्कामाची खोली, बर्फघरात दिवे आणि वाइनचं तळघर, दूधघरात स्वयंपाकघरासह सदनिका. एका ठेकेदाराने देखणी चित्रंही काढून आणली होती. ट्रस्टमधले तरुण सदस्य या बाजूचे होते, आणि त्यांचं म्हणणं फेटाळण्यासारखं नव्हतं: वापर नसलेली इमारत टिकत नाही.

तिसरा पर्याय आम्ही मांडला. प्रत्येक इमारत मुळात कशी चालत होती ते आधी समजून घ्यायचं, ते चालणं पुन्हा सुरू करायचं, आणि मग कोणती इमारत किती बदल सोसेल ते पाहून उत्पन्नाचा भार तिच्यावर टाकायचा. म्हणजे चौघींकडून सारखी अपेक्षा ठेवायची नाही.

निर्णय एका बैठकीत झाला नाही. पारडं फिरलं ते इस्टेटच्या गेमकीपरमुळे. शिकार आणि रानाची देखभाल पाहणारा हा माणूस, वडिलांच्या वेळेपासून तिथलाच. तो म्हणाला, “त्या खोलीला काच लावाल तर पहिल्याच हिवाळ्यात आत पाणी टपकेल. ती वाऱ्यासाठी बांधली आहे.” मग सगळे मिळून कोठाराच्या घरात गेलो. बुजवलेल्या फटींच्या आतल्या बाजूला, पलंगाच्या मागे, काळ्या बुरशीचा पट्टा होता. भाडेकरूंच्या तक्रारी कचेरीत होत्याच, पण त्यांची आणि फटींची सांगड कोणी घातली नव्हती. तिसरा पर्याय मान्य झाला.

काय केलं

*बर्फघराचं पाणी.* खड्ड्यातलं पाणी जमिनीतून पाझरतं आहे असं सगळे धरून चालले होते, आणि त्यावर उपाय म्हणून आतून सिमेंटचा जलरोधक थर सुचवला गेला होता. आम्ही आधी मोरीचं दुसरं टोक शोधायचं ठरवलं. टेकडीच्या खालच्या अंगाला, नेच्यांच्या झुडपात, दगडी तोंड सापडलं. त्यातून कॅमेरा आत सोडला तर काही अंतरावर मुळांचा आणि गाळाचा गच्च बोळा. मोरी खालच्या टोकाकडून थोडी थोडी मोकळी केली. पाणी पंपाने उपसून टाकावं असा आग्रह होता, पण विटांच्या मागची माती पाण्याने फुगलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं तर अस्तर आत ढासळू शकतं. म्हणून सावकाश, दिवसाला थोडं थोडं उतरू दिलं. तळाशी गाळ, कुजलेला पेंढा आणि त्याखाली मोरीवरची मूळची लाकडी जाळी निघाली. खड्डा त्यानंतर पुन्हा भरला नाही. जलरोधक थराची गरजच उरली नाही, आणि तो दिला असता तर पाणी विटांच्या मागे कोंडून राहिलं असतं.

*घुमटावरची माती.* मुळं काढायची तर माती काढावी लागणार. घुमटावरचं हे ओझं काढलं की घुमट मोकळा होईल असं वाटतं, पण ते ओझंच विटांना एकमेकींवर दाबून धरतं. एका बाजूची माती काढली आणि दुसरीकडची तशीच राहिली तर तोल जातो. त्यामुळे चारही बाजूंनी सारखा थर, हाताने, यंत्र न आणता. आत त्या काळात लाकडी आधार. रोडोडेंड्रॉन बुंध्याशी कापलं, मुळं ओढून काढली नाहीत. सांध्यातली मुळं उपटली की वीटही येते. बुंधे मारले, मुळं जागेवर वाळू दिली, मग सांधे चुन्याने भरले. काँक्रीटचं टोपण नाकारून मूळच्या पद्धतीने चिकणमातीचा थर ठोकून बसवला आणि त्यावर माती व गवत.

*वटवाघळं.* पाहणीच्या वेळी बोळाच्या फटींत वटवाघळांची विष्ठा दिसली. नंतर तज्ज्ञाने नोंदवलं की डॉबेंटन आणि नॅटरर या दोन जातींची वटवाघळं हिवाळ्यात इथे निद्रेला येतात. बर्फघर त्यांना मानवतं: अंधार, दमट हवा, आणि फारसं न बदलणारं कमी तापमान. स्कॉटलंडमध्ये १९९४च्या अधिवास नियमांनुसार सगळ्या वटवाघळांना कडक संरक्षण आहे. त्यांच्या जागेत काम करायला नेचरस्कॉट या निसर्गसंवर्धनाच्या सरकारी संस्थेचा परवाना लागतो.

इथे वेळापत्रकाने कसोटी पाहिली. चुन्याचं काम थंडीत करता येत नाही. तापमान पाच अंशांच्या खाली गेलं तर चुना नीट धरत नाही आणि ओला असताना गोठला तर भुगा होतो. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. बर्फघरापुरतं हे जुळलं, कारण तेव्हा वटवाघळं तिथे नसतात. पण दूधघराच्या छपरात दुसऱ्या जातीच्या वटवाघळांची माद्या-पिलांची वसाहत निघाली, आणि ती नेमकी उन्हाळ्यातली. त्यामुळे दूधघराचं छप्पर शरद ऋतूत आणि भिंती पुढच्या वसंतात, असं काम दोन हंगामांत तोडावं लागलं. मचाण दोनदा बांधलं, भाडं दोनदा पडलं.

बर्फघराच्या दाराऐवजी लोखंडी जाळीचं फाटक बसवलं. गज आडवे, मधलं अंतर सुमारे १५० मिलिमीटर. उभ्या गजांतून वटवाघळांना उडत जाणं अवघड जातं.

*दूधघराचं सिमेंट.* सिमेंटच्या दरजा दगडापेक्षा कठीण. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडातून पडतं आणि दगडाची कड झिजते. पण सिमेंट काढतानाही दगड फुटतो. म्हणून उत्तरेच्या भिंतीवर हातभर रुंद पट्टा आधी करून पाहिला. कटर वापरायचा नाही, फक्त छिन्नी आणि हातोडी. जिथे सिमेंट सहज सुटलं तिथे काढलं, जिथे दगडाला घट्ट धरून बसलं होतं तिथे तसंच ठेवलं. गवंड्याने कळीचा चुना वाळूत घालून जागेवरच विझवून मसाला केला. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट टाकून आठवडाभर सावकाश सुकू दिलं. वारा जोराचा असल्याने दिवसातून अनेकदा गोणपाट भिजवायचं, आणि या एका कामासाठी इस्टेटवरच्या एका मुलीला रोजावर ठेवलं होतं. पुढे ती चुनाकाम शिकायला गेली.

*शिकारखोली.* काच नाही, हे ठरलं होतं. गळालेल्या पट्ट्या जुन्या मापाच्या लार्च लाकडात केल्या, जाळी नवी, दांडे-आकडे घासून तेल देऊन जागेवर ठेवले. विकायच्या मांसासाठीचे आजचे स्वच्छतेचे नियम या खोलीत पाळता येणार नाहीत. इस्टेटवर मांस ठेवायची शीतगृह असलेली वेगळी आधुनिक जागा आहे, शिकार तिथेच जाते.

कबुतरखान्याबद्दल थोडक्यात. छपराला पश्चिम स्कॉटलंडमधल्या बॅलाकुलिश इथल्या खाणीची स्लेट होती. ती खाण १९५५ साली बंद झाली, त्यामुळे मिळते ती दुसऱ्या छपरांवरून उतरवलेली. घसरलेल्या तेवढ्याच बदलल्या.

निकाल

दूधघर चहाचं छोटं दुकान झालं. तिथे पाणी, निचरा, खिडक्या आणि विसाव्या शतकात आलेली वीज आधीच होती. स्लेटच्या कट्ट्यांवर आता केक आणि चीज ठेवतात. उन्हाळ्यात त्या कट्ट्यांवर हात ठेवला की ते अजूनही कसे काम करतात ते कळतं. भिंती पूर्ण कोरड्या व्हायला दुसरा उन्हाळा उजाडावा लागला. पहिल्या वर्षी आतल्या रंगाला फोड आले तेव्हा ट्रस्टमध्ये नाराजी होती, पण इतकी वर्षं कोंडलेलं पाणी एका हंगामात जात नाही.

शिकारखोलीत उन्हाळ्यात शनिवारी मान्यताप्राप्त केंद्रात पॅक केलेलं हरणाचं मांस शीतपेट्यांतून विकतात. पाहुणे वर टांगलेले आकडे पाहतात, विचारतात, आणि गेमकीपर सांगतो. बर्फघर मे ते सप्टेंबर ठरावीक दिवशी दाखवलं जातं, हिवाळ्यात पूर्ण बंद. त्यातून थेट पैसा येत नाही, पण दुरुस्तीसाठी मिळालेल्या अनुदानाला लोकांसाठी खुलं ठेवण्याची अट होती आणि ती त्यातून पुरी होते. चार इमारतींच्या मुक्कामाच्या खोल्यांतून आलं असतं तितकं उत्पन्न येत नाही, हे ट्रस्टला मान्य आहे. हातात राहतं ते मात्र दरवर्षी डागडुजीवर जात नाही.

काय वेगळं करता आलं असतं

वटवाघळांची पाहणी सर्वांत आधी, वापराचा विचार सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी होती. ट्रस्टने ती खर्च वाचवायला मागे ठेवली आणि दूधघराची वसाहत कळली तोवर ठेकेदार नेमून झाला होता. मचाणाचा दुसरा खर्च त्यातून आला. ही पाहणी ठरावीक महिन्यांतच होते: हिवाळी निद्रेची हिवाळ्यात, वसाहतीची उन्हाळ्यात. म्हणजे एक पूर्ण वर्ष हाताशी धरूनच कामाची आखणी करायला हवी.

मोरीच्या बाबतीत तर माझं मत ठाम आहे. कोणत्याही बर्फघरात पाणी दिसलं की पहिला खर्च मोरी शोधण्यावर करावा. सिमेंटच्या थराचं अंदाजपत्रक आलेलं होतं, आणि मोरी मोकळी करायला त्याच्या तुलनेत किरकोळ खर्च आला.

कोठाराच्या भाडेकरूंशी बोलणं उशिरा झालं. बुरशीची तक्रार वर्षानुवर्षं कचेरीत पडून होती. ती पहिल्याच बैठकीत टेबलावर आली असती तर काचेच्या खोलीच्या चित्रांवर इतके महिने गेले नसते. गेमकीपरलाही सुरुवातीच्या बैठकांना बोलावलेलं नव्हतं. इमारत वापरात असताना पाहिलेली माणसं अशा इस्टेटवर अजून भेटतात, आणि त्यांचं वय पाहता त्यांना विचारण्याचं काम पुढे ढकलता येत नाही.

एका निर्णयावर अजून मतभेद आहेत. घुमटावरची सगळी झाडं काढली, पण टेकडीच्या दक्षिण उतारावरचं जुनं बीचचं झाड ठेवलं. त्याची सावली बर्फघर गार ठेवते, आणि मुळी लावलं गेलं तेही बहुधा त्यासाठीच. त्याची मुळं एक दिवस बोळापर्यंत येतील असं गवंड्याचं म्हणणं आहे. तोडगा म्हणून देखभालीच्या वहीत दोन कामं लिहिली आहेत: दर सप्टेंबरला, वटवाघळं येण्याआधी, मोरीचा सापळा साफ करायचा आणि बोळाच्या दक्षिण भिंतीचे त्याच जागेवरून फोटो घ्यायचे. कोठाराच्या बुजवलेल्या फटी उघडण्याचा प्रस्ताव परिषदेकडे गेला आहे.